विश्लेषण : छोट्या मोटारीच्या टपावर कॅरिअर… किती वजन झेपते, कायदा काय म्हणतो?

गणपतीला कोकणात जायचे असो, दिवाळीत गावी किंवा मे महिन्यात महाबळेश्वरला. चार-पाच माणसांचे कुटुंब छोट्या मोटारीतून निघाले की सामान कुठे ठेवायचे हा प्रश्न येतोच. गाडी सीएनजीवर चालणारी असेल तर डिकीत आधीच टाकी बसलेली असते. मग टपावर कॅरिअर लावण्याचा विचार पुढे येतो. ॲक्सेसरीच्या दुकानात हे काम तासाभरात होते. पण छोट्या मोटारीचे छप्पर नेमके किती वजन पेलू शकते, त्याचा ब्रेकवर, वळणावर आणि मायलेजवर काय परिणाम होतो आणि रस्त्यात अडवले तर कायदा कोणाच्या बाजूने असतो, याची माहिती फार थोड्यांना असते.

सामान टपावर चढण्याचे कारण काय?

याचे मूळ बऱ्याच अंशी करांच्या रचनेत आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले. त्यासाठी लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असल्यास १५०० सीसीपर्यंत, अशी अट होती. तेव्हापासून चार मीटर ही भारतीय मोटार उद्योगाची लक्ष्मणरेषा बनली. वस्तू व सेवा कर आल्यावरही ती कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या दरांमध्ये ती अधिकच ठळक झाली. चार मीटरच्या आतील छोट्या पेट्रोल, सीएनजी व डिझेल मोटारींवर १८ टक्के, तर त्यापेक्षा मोठ्या मोटारींवर ४० टक्के जीएसटी आहे.

लांबी कमी करायची तर कात्री कुठे चालवणार? इंजिन आणि माणसे यांना जागा लागतेच. त्यामुळे पहिली कात्री डिकीवर चालते. मारुती डिझायरचे उदाहरण बोलके आहे. २००८ मध्ये आलेली पहिली डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती आणि तिची डिकी ४४० लिटरची होती. २०१२ मध्ये ती ३९९५ मिलिमीटरची झाली आणि डिकी ३१६ लिटरवर आली. रेनो ट्रायबर तर ३९९० मिलिमीटरमध्ये सात माणसे बसवते. पण सातही जागा वापरात असतील तेव्हा मागे उरते ती फक्त ८४ लिटरची जागा. दोन-तीन पिशव्यांत ती भरते.

सीएनजीमुळे अडचण कशी वाढली?

पेट्रोलच्या दराला कंटाळून अनेकांनी सीएनजीची वाट धरली. पारंपरिक रचनेत सीएनजीची एकच मोठी टाकी डिकीत आडवी बसवली जाते. तिच्या शेजारी लॅपटॉपची बॅग किंवा भाजीची पिशवी मावते, मोठी सुटकेस मावत नाही. विमानतळावर किंवा रेल्वे स्थानकावर टॅक्सी बोलावणाऱ्या प्रवाशांना हा अनुभव नेहमीचा आहे. दोन मोठ्या बॅगा असतील तर एक मांडीवर आणि दुसरी चालकाशेजारच्या सीटवर ठेवावी लागते.

कंपन्यांनी यावर काही प्रमाणात तोडगा काढला आहे. टाटा मोटर्सने २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या. पुढच्या वर्षी ह्युंदाईने एक्स्टरमध्ये तशीच रचना आणली. त्यामुळे डिकी वापरण्याजोगी झाली, तरी पूर्ण परत मिळाली नाही. पेट्रोलच्या अल्ट्रोझची डिकी ३४५ लिटरची, तर सीएनजी अल्ट्रोझची २१० लिटरची आहे. शिवाय जुन्या रचनेच्या लाखो सीएनजी गाड्या रस्त्यावर आहेतच. त्यांच्यासाठी टप ही एकच मोकळी जागा उरते.

जुन्या गाड्यांवर तर सर्रास कॅरिअर असायचे, मग आता अडचण काय?

मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी आठवली की तिच्या टपावरचे कॅरिअरही आठवते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. ॲम्बेसेडरवरही कॅरिअर असायचे. एसटीच्या टपावर तर पोती, ट्रंका आणि फणसाच्या पाट्या शिडीने चढवल्या जात. त्यामुळे टपावर सामान ठेवण्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही.

पण छपराची रचना बदलली आहे. पद्मिनी आणि ॲम्बेसेडरच्या छताच्या दोन्ही कडांना पावसाचे पाणी वाहून नेणारी पत्र्याची पन्हळ असे. दोन-तीन पत्रे एकत्र दुमडून तयार झालेली ती कड मजबूत होती आणि कॅरिअरचे पाय तिलाच पकडत. वजन छताच्या मधल्या पत्र्यावर न येता कडेच्या सांगाड्यावर जाई. आजच्या मोटारींना ही पन्हळ नाही. मधला पत्रा मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. ऊन-पाऊस अडवणे हे त्याचे काम, वजन पेलणे हे नाही. भार घेतात ते कडेचे खांब आणि त्यांना जोडणाऱ्या कडा.

आणखी एक मोठा फरक एअरबॅगचा आहे. आता अनेक छोट्या मोटारींमध्येही सहा एअरबॅग येतात. त्यातील पडद्यासारख्या उघडणाऱ्या दोन एअरबॅग छताच्या कडेला, दारांच्या वर, अस्तरामागे घडी करून ठेवलेल्या असतात. जुन्या सवयीने त्याच कडेत ड्रिल मारून स्क्रू बसवला तर एअरबॅगच्या घडीला किंवा तिच्या तारांना धक्का लागू शकतो. शिवाय छिद्रातून पाणी मुरते आणि गंज धरतो. सनरूफ असलेल्या गाडीत तर काचेवर भार येता कामा नये आणि आडव्या दांड्यांमुळे ती उघडताना अडकता कामा नये, हेही पाहावे लागते.

टपावरचे रेल असतात, ते पुरेसे नाहीत का?

अनेक छोट्या मोटारींच्या टपावर समोरून मागे जाणारे दोन रेल दिसतात. गाडी ऐटदार दिसावी म्हणून ते दिलेले असतात आणि खरेदी करताना ते उपयोगाचे आहेत असाच समज होतो. पण सगळे रेल सारखे नसतात. काही आतून सांगाड्याला बोल्टने जोडलेले असतात. काही मात्र शोभेचे असतात; प्लास्टिकचे आणि क्लिपने किंवा चिकटपट्टीने बसवलेले. बाहेरून फरक कळत नाही. रेनोने ट्रायबरच्या रेलवर ५० किलोपर्यंत भार चालतो असे जाहीर केले होते. तुमच्या गाडीबाबत असा आकडा कंपनीने दिला नसेल, तर रेल शोभेचेच आहेत असे धरून चालणे शहाणपणाचे.

हा आकडा गाडीसोबत मिळणाऱ्या माहिती पुस्तिकेत पाहावा. छोट्या मोटारींत तो साधारण ५० ते ७५ किलोच्या दरम्यान असतो. काही पुस्तिकांत टपावर सामान ठेवूच नये, असेही स्पष्ट लिहिलेले असते. दुसरी गोष्ट, या मर्यादेत कॅरिअरचे स्वतःचे वजनही मोजायचे असते. समजा मर्यादा ५० किलो आहे आणि लोखंडी कॅरिअर १२ किलोचे आहे, तर सामानासाठी ३८ किलोच उरले. प्रवासाच्या दोन भरलेल्या मोठ्या बॅगांतच ते संपतात.

याखेरीज गाडीच्या एकूण वजनाचीही मर्यादा असते. सीएनजीची टाकी आणि तिचे जोडकाम यांनी गाडीचे मूळ वजन आधीच वाढलेले असते. पाच मोठी माणसे सरासरी ६५ किलोची धरली तरी सव्वातीनशे किलो झाले. त्यावर डिकीतले सामान आणि टपावरचे सामान. नोंदणी प्रमाणपत्रातील रिकाम्या गाडीचे वजन आणि पुस्तिकेतील कमाल वजन यांची वजाबाकी केली, तर भरलेली छोटी गाडी मर्यादेच्या किती जवळ असते हे कळते.

वजन तेच, मग डिकीत चालते ते टपावर का चालत नाही?

कारण वजनाइतकीच त्याची उंचीही महत्त्वाची असते. समजा माणसांसह गाडीचे वजन ११५० किलो आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटीमीटरवर आहे. टपावर, म्हणजे सुमारे १८० सेंटीमीटर उंचीवर, ५० किलो ठेवले तर गुरुत्वमध्य पाच सेंटीमीटर वर जातो. ऐकायला हे थोडे वाटते, पण ही वाढ आठ टक्क्यांची आहे. उंच आणि अरुंद बांध्याच्या छोट्या मोटारीत ती वळणावर लगेच जाणवते. कशेडी, आंबा किंवा वरंधा घाटातील वळणावर नेहमीच्या वेगाने गाडी घातली तर ती बाहेरच्या बाजूला जास्त झुकते. अचानक कोणी आडवे आले आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवावे लागले, तर गाडी सावरायला कमी वाव उरतो.

ब्रेकचेही तसेच आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर टपावरचे ५० किलोचे सामान साधारण ४० किलोच्या जोराने पुढे ढकलले जाते. टक्कर झाली तर हिशेब पार बदलतो. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी अर्ध्या-पाऊण मीटरमध्ये थांबली, तर तेच सामान सुमारे ८०० किलोच्या जोराने कॅरिअर ओढते. तेवढा जोर सहन झाला नाही तर बॅगा, प्रसंगी कॅरिअरसकट, समोरच्या वाहनावर किंवा दुचाकीस्वारावर जाऊन पडतात. म्हणूनच परदेशातील नामांकित उत्पादक टपावरील कॅरिअरसाठी असलेल्या ‘आयएसओ १११५४’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चाचण्या घेतात. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही सुरक्षा मानांकन पद्धत सुरू झाली आहे. पण गाडीला मिळालेले तारे हे टप मोकळा असतानाच्या चाचणीचे असतात, हे लक्षात ठेवायला हवे.

वाऱ्याचा आणि इंधनाचा हिशेब काय?

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० किलोमीटर वेगाला वाऱ्याला आडव्या येणाऱ्या दर चौरस मीटरवर सुमारे ३० किलोचा दाब पडतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाला हा दाब ४७ किलो होतो. समृद्धी महामार्गावरच्या १२० च्या वेगाला तो ६८ किलोपर्यंत जातो. गादी, प्लायवूड किंवा प्लास्टिकची ताडपत्री अशा पसरट वस्तूंच्या खाली वारा शिरला की त्या वर उचलल्या जातात. शहरात जी दोरी पुरेशी वाटते, ती महामार्गावर तुटते ती यामुळेच. पुलावर किंवा घाटमाथ्यावर बाजूचा वारा लागला तर गाडी लेनमधून सरकते, तेही याच कारणाने.

या वाऱ्याशी झगडण्याची किंमत इंधनात मोजावी लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या माहितीनुसार, टपावर मोठी सामानपेटी असेल तर शहरात मायलेज २ ते ८ टक्के, महामार्गावर ६ ते १७ टक्के आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटर वेगाला १० ते २५ टक्के घटते. हे आकडे तिथल्या गाड्यांचे आहेत. आपल्याकडे उघड्या जाळीच्या कॅरिअरवर वेड्यावाकड्या बॅगा बांधल्या जातात, त्यांचा अडथळा कमी असण्याचे कारण नाही. समजा सीएनजीची गाडी किलोमागे २५ किलोमीटर धावते आणि मायलेज १५ टक्क्यांनी घटले. मुंबई ते सावंतवाडी या सुमारे ५०० किलोमीटरच्या प्रवासात २० किलोऐवजी साडेतेवीस किलो गॅस लागेल. रिकामे कॅरिअरही वारा अडवतेच. वर्षातून दोनदा लागणारे कॅरिअर वर्षभर टपावर ठेवणारा रोज थोडे जास्त इंधन जाळत असतो.

कायद्याने कॅरिअर लावता येते का?

इथे उत्तर सरळ नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. त्याच कलमात ‘बदल’ म्हणजे काय हेही सांगितले आहे : वाहनाच्या रचनेतील असा बदल, ज्यामुळे त्याचे मूलभूत स्वरूप बदलते. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच मर्यादा अधोरेखित केली.

कलमात कॅरिअरचा नाव घेऊन उल्लेख नाही. त्यामुळे क्लॅम्पने बसणारे आणि हाताने काढता येणारे कॅरिअर हा रचनेतील बदल नाही, असे म्हणायला चांगला आधार आहे. छताला छिद्रे पाडून किंवा वेल्डिंग करून बसवलेल्या जाळीबाबत मात्र तसे ठामपणे म्हणता येत नाही. नियमबाह्य बदल केल्यास कलम १८२ अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गाडीच्या पुढे लावल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डचा अनुभव ताजा आहे. वर्षानुवर्षे सर्रास विकल्या गेलेल्या या गार्डविरुद्ध कारवाई करण्यास केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना सांगितले. म्हणजे बाजारात मिळते म्हणून ते चालते, असे होत नाही.

कॅरिअर वैध असले तरी त्यावरचे सामान वैध असेलच असे नाही. सामान बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेले तर कलम १९४ (१ अ) नुसार २० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय सामान उतरवण्याचा खर्चही मालकाकडून घेतला जातो. मागच्या दारावर कॅरिअर लावण्याचा पर्याय इंधनाच्या दृष्टीने बरा आहे, पण नंबर प्लेट किंवा मागचे दिवे झाकले गेले तर वेगळी कारवाई ओढवते.

विमा आणि वॉरंटीचे काय?

कंपनीच्या मान्यताप्राप्त ॲक्सेसरीखेरीज काही बसवले आणि त्यामुळे छत वाकले, गंजले किंवा पाणी झिरपले, तर वॉरंटीतून भरपाई मिळण्याची आशा धरू नये. विम्यात कॅरिअरची किंमत धरायची असेल तर पॉलिसीत तशी नोंद करून घ्यावी लागते. अपघातानंतर जादा भार किंवा न कळवलेला बदल हे कारण पुढे करून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडवला जाऊ शकतो. टपावरून हरवलेल्या बॅगांचा समावेश मोटारीच्या नेहमीच्या विम्यात नसतो.

लावायचेच असेल तर काय पाहावे?

पहिले काम पुस्तिका उघडण्याचे. त्यात टपाच्या भाराचा आकडा आणि कॅरिअर बसवण्याच्या जागा दिलेल्या असतील तरच पुढे जावे. आपल्या मॉडेलसाठीच बनवलेले क्लॅम्प घ्यावेत. ‘सगळ्या गाड्यांना बसते’ असे सांगून विकले जाणारे कॅरिअर बहुधा कोणत्याच गाडीला नीट बसत नाही. ज्या कॅरिअरवर किंवा त्याच्या खोक्यावर कमाल भार लिहिलेला नाही, ते घेऊ नये.

जड सामान डिकीत किंवा सीटच्या खाली आणि हलके, पण जागा खाणारे सामान टपावर, हा साधा नियम आहे. म्हणजे तांदळाचे पोते आणि नारळ खाली, अंथरूण-पांघरूण आणि कपड्यांच्या बॅगा वर. भार दोन्ही बाजूंना सारखा असावा. ताणणाऱ्या रबरी दोऱ्यांऐवजी बकल असलेले पट्टे वापरावेत आणि पट्ट्यांची सुटी टोके फडफडू नयेत म्हणून बांधून टाकावीत. निघाल्यावर २०-३० किलोमीटरवर थांबून बोल्ट आणि पट्टे पुन्हा आवळावेत, कारण सुरुवातीच्या धक्क्यांनीच ते सैल होतात. टायरमधील हवा पूर्ण भाराच्या आकड्याप्रमाणे भरावी. वेग ताशी ८० च्या आत ठेवावा आणि पुढच्या वाहनापासून अंतर वाढवावे.

उंचीचा विसर पडतो तो मुक्कामाला पोहोचल्यावर. वॅगन आर १६७५ मिलिमीटर उंच आहे. त्यावर कॅरिअर आणि बॅगा मिळून अर्धा मीटर धरला तर गाडी २.१७ मीटरची होते. मॉल किंवा सोसायटीच्या तळघरातील पार्किंगचा आडवा दांडा अनेकदा त्याहून खाली असतो. आणि प्रवास संपला की कॅरिअर उतरवून ठेवावे.

पुढे काय व्हायला हवे?

चार मीटरची करमर्यादा लगेच बदलण्याची चिन्हे नाहीत. सीएनजीची मागणीही ओसरलेली नाही. म्हणजे छोट्या मोटारींच्या टपावर सामान चढत राहणार. अशा वेळी टपाचा कमाल भार पुस्तिकेच्या आतल्या पानावर ठेवण्याऐवजी टायरच्या हवेच्या आकड्यांसारखा दाराच्या चौकटीवर छापणे कंपन्यांना अवघड नाही. शोभेच्या रेलवर ‘भार ठेवू नये’ असे लिहिणे तर त्याहून सोपे आहे. परिवहन खात्यानेही कोणत्या प्रकारचे कॅरिअर चालते आणि कोणते नाही, हे एका परिपत्रकात सांगितले तर रस्त्यातला वाद टळेल. टॅक्सीचालकांना याची गरज सर्वाधिक आहे, कारण प्रवाशाच्या बॅगा आणि दंडाची पावती या दोन्हींना त्यांनाच तोंड द्यावे लागते. तोवर प्रत्येक मालकाने निघण्यापूर्वी बॅगा वजनकाट्यावर ठेवून पाहाव्यात. बेरीज पुस्तिकेतल्या आकड्यापुढे गेली, तर एक बॅग रेल्वेने किंवा एसटीच्या पार्सलने पाठवलेली बरी.